ऑपरेशन थिएटरमधली टीम एकत्र शिकते कुठे? (सामूहिक व्हीआर प्रशिक्षणाचा अनुभव आणि काही प्रश्न)

वारणाकाठ

मी भूलतज्ज्ञ आहे, या कामाला १९ वर्षं झाली. मागच्या महिन्यात पुण्यात दोन दिवसांचं एक प्रशिक्षण झालं. तिथून आल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढते आहे. इथे बरेच डॉक्टर, सिस्टर आणि सॉफ्टवेअरवाले आहेत, सगळ्यांनी लिहावं.

आमच्या गटात चौघं होतो: एक सर्जन, मी, एक स्क्रब सिस्टर (सर्जनच्या हातात हत्यारं देणारी) आणि एक फ्लोअर सिस्टर (बाहेरून सामान आणणारी, फोन करणारी). गावं वेगळी, ओळख तिथलीच. डोक्यावर व्हीआर (आभासी जग दाखवणारा) हेडसेट चढवला की चौघंही एकाच ओटीत. डावीकडे मान वळवली की सर्जन, पलीकडे सिस्टरची ट्रॉली, माझ्यासमोर मॉनिटर. केस दुर्बिणीतून पित्ताशय काढायची. पहिला ट्रोकार (दुर्बीण आत घालायची टोकदार नळी) आत गेला आणि मागची मोठी रक्तवाहिनी दुखावली. अशा वेळी दुर्बिणीत फारसं रक्त दिसत नाही, ते मागच्या बाजूला साठत जातं. आधी कळतं ते मॉनिटरवर.

मी म्हणाले, "प्रेशर पडतंय." मग म्हणाले, "रक्त मागवा." आणि माझ्या मते मी सगळं केलं होतं.

केस संपल्यावर त्यांनी आम्हाला तीच केस पुन्हा दाखवली, पण प्रत्येकाच्या जागेवरून. सर्जनच्या जागी उभं राहून मी माझाच आवाज ऐकला. सक्शनच्या घरघरीत "प्रेशर पडतंय" हे शब्द नुसते वाहून गेले, आकडा मी सांगितलाच नव्हता. "रक्त मागवा" म्हणताना मी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. फ्लोअर सिस्टरला वाटलं मी सर्जनशी बोलते आहे, स्क्रब सिस्टरला वाटलं फ्लोअरशी. रक्तपेढीला फोन गेला चार मिनिटांनी. पडद्यावर घड्याळ चालू होतं, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी जागा बदलल्या. मला स्क्रब सिस्टरची जागा मिळाली आणि तिथे उभी राहिल्याबरोबर लक्षात आलं की माझा मॉनिटर तिथून दिसतच नाही. मध्ये रुग्णाच्या डोक्याकडचा पडदा आणि सलाइनचा स्टँड येतो. १९ वर्षं मी मनात म्हणत आले, "सिस्टरला समोर दिसत नाही का प्रेशर कुठे गेलंय ते?" नव्हतं दिसत.

आता जे लिहिते ते आजवर कुठे लिहिलं नव्हतं. खूप वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात कामाला होते. नाव नको. पोट शिवायच्या आधी मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडं, मोजून सिस्टर म्हणाली, "सर, एक मॉप कमी येतोय." सर म्हणाले, "परत मोज, तुझीच चूक असेल." तिने परत मोजलं, पुन्हा एक कमी. दुसऱ्यांदा ती इतक्या हळू बोलली की मलाही जेमतेम ऐकू आलं. पण आलं होतं. सर शिवत राहिले आणि मी काही बोलले नाही. रिकव्हरीत एक्स-रे काढला तेव्हा मॉपमधला तो दोरा, जो एक्स-रेत दिसावा म्हणूनच विणलेला असतो, पोटात स्पष्ट दिसला. बाईंना परत टेबलावर घ्यावं लागलं. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. त्या सिस्टरने दोन महिन्यांनी नोकरी सोडली.

हाताचं कौशल्य व्हीआरवर शिकता येतं, यात आता नवीन काही नाही. येल विद्यापीठातला २००२ चा प्रयोग माझ्या पिढीने विद्यार्थी असताना ऐकला: १६ रेसिडेंट, त्यातले निम्मे सिम्युलेटरवर तयार केलेले. त्यांनी पित्ताशय सोडवायला २९ टक्के कमी वेळ घेतला. सराव नसलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे जाळण्याची शक्यता पाचपट निघाली. पण तो एकट्याच्या हाताचा अभ्यास. माझा मॉप हाताच्या चुकीने राहिला नव्हता.

टीमला एकत्र शिकवलं तर काय होतं, त्याचं उत्तर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मिळालं. ७४ रुग्णालयांत टीम प्रशिक्षण झालं, तिथे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १८ टक्क्यांनी कमी झाले. ज्या ३४ ठिकाणी ते पोचलं नव्हतं तिथे ७ टक्क्यांनी. हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात व्हीआर नव्हतं, माणसं एका खोलीत बसवली होती.

आणि व्हीआरमध्ये टीम जमवता येते का? २०२२ मध्ये रिओ दि जानेरोला बर्नार्डो आणि आर्थर ही डोकं जोडलेली जुळी मुलं वेगळी केली. लंडनच्या ग्रेट ऑरमंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाचे डॉ. नूर उल ओवासे जीलानी, मूळचे काश्मीरचे, आणि ब्राझीलचे सर्जन यांनी सीटी-एमआरआयवरून बनवलेल्या त्या मुलांच्या डोक्याच्या प्रतिमेवर आधी काही महिने तालीम केली. एकजण लंडनला, दुसरा रिओत, आणि दोघंही हेडसेट लावून एकाच आभासी खोलीत. पुढे सात ऑपरेशनं आणि शंभरेक माणसांचं पथक. माझा प्रश्न एवढाच की जे त्या दोन मुलांसाठी झालं ते आपल्या रोजच्या सिझेरियनसाठी का होऊ नये?

---

युनिट_तीन

+१. तिसऱ्या वर्षाचा सर्जरी रेसिडेंट आहे. आमच्याकडे स्किल लॅब आहे, पुतळा आहे, टाके घालायची पॅड आहेत. सगळं एकेकट्याने. आमच्या बॅचने भूलच्या रेसिडेंटबरोबर एकत्र बसून एकही सराव केलेला नाही. त्यांची नावंसुद्धा केस सुरू झाल्यावर कळतात.

---

मोगरा

वारणाकाठ मॅडम, तुमचा मॉपचा परिच्छेद वाचून मी मोबाइल खाली ठेवला आणि थोड्या वेळाने परत घेतला. मी ओटी सिस्टर, २६ वर्षं. त्या सिस्टरच्या जागी मी चार-पाचदा उभी राहिले आहे. देवदयेने मॉप दर वेळी सापडला, एकदा बादलीत, एकदा सरांच्या गाऊनला चिकटलेला.

दोन गोष्टी सांगते.

पहिली. आमच्याकडेही हे हेडसेट आले होते. एका कंपनीची माणसं घेऊन आली होती. डॉक्टरांची यादी लागली, आळीपाळीने सगळ्यांनी लावून पाहिले. सिस्टरपैकी कुणालाच बोलावलं नाही. आम्हाला का बोलावलं होतं, तर खुर्च्या मांडायला आणि चहा सांगायला. टीमचं प्रशिक्षण म्हणता ना, मग टीममध्ये कोण कोण येतं हे आधी ठरवा. मॉप मोजते मी, रक्तपेढीला फोन लावते मी, ट्रॉली ढकलणारे मामा आणि ओटीतल्या मावशी तर कुणाच्या खिजगणतीतच नसतात. आणि आग लागली तर सिलिंडरचा कॉक कुठे आहे ते मामांनाच माहीत असतं.

दुसरी. ती सिस्टर दुसऱ्यांदा हळू का बोलली हे मला माहीत आहे. पहिल्यांदा बोललं की तो काउंट असतो. दुसऱ्यांदा बोललं की "सिस्टर उलट बोलते" होतं. आम्हाला शब्दच कुणी दिलेला नाही. सरांना "थांबा" म्हणायचं कसं? इंग्रजीत तुम्ही लोक "स्टॉप" म्हणता, तो आमच्या तोंडून हुकूम वाटतो.

---

यॉर्कशायरवासी

मूळची साताऱ्याची, आता इंग्लंडमध्ये थिएटरमध्ये भुलीच्या बाजूला काम करते. मोगराताईंचं वाचून इथे प्रत्येक नव्या माणसाला शिकवली जाणारी केस आठवली.

२००५ सालची. एलेन ब्रॉमिली, वय ३७, सायनसचं साधं ठरवून केलेलं ऑपरेशन. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना, मास्कने हवाही जाईना. अशा वेळी गळ्याच्या पुढून वाट करायची असते. एक सिस्टर ट्रॅकिओस्टॉमीचा सेट घेऊन आली, तयार आहे म्हणून तिने सांगितलंसुद्धा. दुसरीने आयसीयूत बेड सांगितला. तीन अनुभवी डॉक्टर मात्र नळी घालण्याच्या प्रयत्नातच अडकून राहिले. कुणी वाईट नव्हतं, कुणी अडाणी नव्हतं. वीस मिनिटांहून जास्त वेळ ऑक्सिजन कमी राहिला आणि काही दिवसांनी त्या गेल्या. बेड सांगणाऱ्या सिस्टरला परत येऊन वाटलं की सगळे आपल्याकडे "कशाला एवढा बाऊ" अशा नजरेने बघताहेत, आणि तिने बेड रद्द केला.

त्यांचा नवरा मार्टिन ब्रॉमिली विमानाचा पायलट. विमान अपघातानंतर जशी चौकशी होते तशी इथे का होत नाही, हा प्रश्न त्याने लावून धरला आणि २००७ मध्ये त्यासाठी एक गट स्थापन केला. विमानवाल्यांनी हे आधी भोगलं होतं. १९७७ मध्ये टेनेरिफला दोन जंबो धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली. दुसरं विमान अजून धावपट्टीवर असेल ही शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टन खूप ज्येष्ठ होते.

शब्दाबद्दल. अमेरिकेत एक पद्धत शिकवतात: आधी "मला काळजी वाटतेय", मग "मला हे ठीक वाटत नाही", मग "रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, थांबा". तीन पायऱ्या. तिसरी पायरी उच्चारली की वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी हात थांबवायचे, हे आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे ती उर्मटपणा ठरत नाही. मराठीत असं काही व्हायला हवं, आणि ते मोगराताईंसारख्यांनीच ठरवायला हवं.

आणखी एक. सिडनीतल्या रॉब हॅकेट नावाच्या भूलतज्ज्ञाने २०१७ मध्ये टोपीवर नाव आणि काम लिहायला सुरुवात केली. आता माझ्या टोपीवरही आहे. "सिस्टर, अहो सिस्टर" याऐवजी नाव घेता येतं.

---

पैनगंगा

सगळ्यांचं मन लावून वाचलं. मी तालुक्याच्या गावी सर्जन आहे, वीस खाटा. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये.

माझी टीम म्हणजे मी, एक सिस्टर, एक मामा आणि फोन केल्यावर चाळीस किलोमीटरवरून येणारे भूलतज्ज्ञ. ते दिवसाला तीन गावं करतात. माझ्याकडे पैसे आले तर मी आधी दुसरी कॉटरी (रक्तवाहिन्या जाळून बंद करायचं यंत्र) घेईन, मग जनरेटर, मग बाकीचं. टीमचा सराव करायचा तर रविवारी सकाळी रिकाम्या टेबलावर उशी ठेवून, तिला चादर गुंडाळून करता येतो. मी केलाय. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा सराव आम्ही असाच करतो: कुणी ऑक्सिटोसिन लावायचं, कुणी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड भरायचं, कुणी गर्भाशय दाबून धरायचं, कुणी रक्तदात्यांना फोन करायचे. भिंतीवर माणसांची नावं लिहिलेली आहेत.

आणि साधन आलं म्हणून माणूस बदलतो असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जरीची चेकलिस्ट २००८ मध्ये आली, १९ मुद्द्यांची. ते काम अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली झालं. त्यांच्या वडिलांचं गाव उटी, आमच्याच भागातलं, उमरखेड तालुक्यात, म्हणून इकडे त्याचं कौतुक जास्त. जगभरातल्या आठ शहरांत, त्यात दिल्लीही होती, ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यावर आलं. आणि पुढे कॅनडातल्या ओंटारिओत १०१ रुग्णालयांनी तीच लागू केली तेव्हा मृत्यूंत म्हणावा असा फरक पडला नाही. कागद तोच. मी स्वतः अशा ठिकाणी केसेस केल्यात जिथे भूल द्यायच्या आधी, चिरा घ्यायच्या आधी आणि रुग्ण बाहेर न्यायच्या आधी अशा तिन्ही टप्प्यांच्या सह्या रुग्ण आत यायच्या आधीच झालेल्या असत. हेडसेटचंही तेच होईल याची मला भीती वाटते.

---

वारणाकाठ

पैनगंगा सर, राग कसला. उशी आणि चादरीचा सराव होत असेल तर तो सोडून हेडसेटच्या मागे लागू नका, हेच मीही म्हणेन. भिंतीवरच्या नावांची कल्पना तर मी उचलणार आहे.

पण तुम्हीच लिहिलंत की तुमचे भूलतज्ज्ञ दिवसाला तीन गावं करतात. रविवारच्या उशीला ते असतात का? मी स्वतः सहा वर्षं तेच काम केलं, गाडीच्या डिकीत औषधांची पेटी घेऊन. ज्या लोकांबरोबर मी रात्री दोन वाजता केस करायचे त्यांच्याबरोबर दिवसा कधी पाच मिनिटं बसलेसुद्धा नाही. बसणार कधी? ही मंडळी रात्री नऊ वाजता आपापल्या गावातून, आपापल्या घरातून एका ओटीत जमू शकली तर माझ्या मते व्हीआरचा खरा उपयोग तिथे आहे. मोठ्या शहरातल्या कॉलेजात माणसं एकाच इमारतीत असतात, त्यांना त्याची गरज तुमच्यापेक्षा कमी आहे.

दुसरं म्हणजे आग. स्पिरिटवालं द्रावण वाळायच्या आत कॉटरी लावली, वर चादरीखाली ऑक्सिजन साठलेला, आणि भडका. उशीवर हे कसं करणार? आम्ही हेडसेटमध्ये केलं. चादर पेटली तेव्हा माझे पाय खरोखर मागे सरकले. ऑक्सिजन बंद करायचं काम माझं, आणि मी आधी चादर ओढायला धावले. त्यानंतर तीच आग आम्ही पाच वेळा लावली. पाचव्या वेळी माझा हात आपोआप नॉबकडे गेला.

मोगराताई, मामा-मावशींबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. आमच्या चौघांत ते नव्हते, आणि ते नाहीत हे मला तुम्ही लिहीपर्यंत जाणवलंही नव्हतं.

---

कोथरूडकर

मी अशीच सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका चमूत आहे, उत्पादनाचं नाव घेत नाही. आतून कसं चालतं ते सांगतो, म्हणजे काय मागायचं आणि काय मागायचं नाही ते कळेल.

हेडसेट एकमेकांना व्हिडिओ पाठवत नाहीत. प्रत्येकाकडे ओटी आधीच साठवलेली असते. फिरतात ते आकडे: तुमचं डोकं कुठे, दोन हात कुठे, हातात काय आहे. त्यामुळे तालुक्याच्या इंटरनेटवरही हे चालतं. अडतं ते आवाजावर. आवाज थोडा जरी उशिरा पोचला तरी माणसं एकमेकांवर बोलायला लागतात आणि मग जी गोष्ट शिकायची तीच बिघडते. म्हणून आम्ही चित्राचा दर्जा कमी करतो, पण आवाजाला हात लावत नाही. मात्र सेकंदाला ७२ चित्रांच्या खाली गेलं तर लोकांना मळमळतं, तेवढं सांभाळावं लागतं.

सगळ्यांत अवघड काय, तर सिस्टरने सर्जनच्या हातात आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) देणं. त्या एका क्षणी वस्तू दोघांच्या हातात असते. ती कुणाची, हे दोन यंत्रांनी एकाच वेळी ठरवायचं असतं. आमच्याकडे पहिले तीन महिने फोर्सेप्स हवेतच गायब व्हायची. शेवटी आम्ही एका निवृत्त ओटी सिस्टरना बोलावलं. त्या म्हणाल्या, "मी देते तेव्हा सर बघत नाहीत. तळहातावर टप्प आवाज आला की ते पकडतात." म्हणून आता कंट्रोलर त्या क्षणी थरथरतो आणि तसा आवाज येतो. वजन मात्र जाणवत नाही. पोटातल्या ऊतींची ओढ हातांना कळावी असं यंत्र वेगळं मिळतं, ते महाग आहे. टीमच्या सरावासाठी त्याची गरज नाही असं माझं मत.

आणखी एक उणीव आहे जी आम्हाला सुटलेली नाही. ओटीत सगळ्यांना मास्क, म्हणजे दिसतात फक्त डोळे. आणि साध्या हेडसेटमधल्या आकृतीला नेमके डोळेच मेलेले असतात. डोळ्यांची हालचाल टिपणारे हेडसेट आहेत, पण महाग.

---

मोगरा

कोथरूडकर दादा, त्या निवृत्त सिस्टरना माझा नमस्कार सांगा. "टप्प" अगदी बरोबर. आणि डोळ्यांचंही बरोबर. सर चिडलेत की काळजीत आहेत हे मी भुवईवरून ओळखते.

यॉर्कशायरताई, तीन पायऱ्यांवर काल नाइटला आम्ही पाच जणी बोललो. पहिलीला "सर, मला शंका आहे" चालेल म्हणाल्या. दुसरीला "सर, हे बरोबर वाटत नाही". तिसरीवर खूप चर्चा झाली. "थांबा" नको, "हात थांबवा" नको. शेवटी एकीने सुचवलं, "सर, पेशंटसाठी थांबू या." त्यात "या" आहे, म्हणजे आपण सगळेच थांबतो. हे सगळ्यांना पटलं.

---

अबोली

मी डॉक्टर नाही. पुढच्या आठवड्यात आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. वाचून पोटात गोळा आला, पण लिहिलंत ते बरं केलंत. आम्ही नातेवाइकांनी काही विचारावं का?

---

यॉर्कशायरवासी

अबोली, घाबरू नका. भूल द्यायच्या आधी आईंना त्यांचं नाव, कुठला गुडघा आणि ॲलर्जी विचारली जाईल. तीन वेगळ्या माणसांनी तेच तेच विचारलं तर आईंना सांगून ठेवा की कंटाळू नका, तिघांनाही सांगा. गुडघ्यावर पेनने खूण आई जाग्या असतानाच व्हायला हवी. झाली नसेल तर आठवण करून द्या.

---

पैनगंगा

वारणाकाठ मॅडम, रविवारच्या उशीला भूलतज्ज्ञ नसतात हे खरं आहे. काल त्यांना फोन करून विचारलं. म्हणाले, रात्री नऊ नको, साडेनऊ जमेल. हेडसेट भाड्याने मिळतात का? चार लागतील. मामांसाठी एक धरून पाच.

"पेशंटसाठी थांबू या" भिंतीवर लावलं आहे.

---

कोथरूडकर

सर, मिळतात. व्यनि करतो. सुरुवात दोन हेडसेटवर करा, बाकीचे लॅपटॉपवरून आवाजाने आणि पडद्यावर सामील होऊ शकतात. आधी सगळ्यांना दहा मिनिटं नुसतं ओटीत फिरू द्या, लगेच केस सुरू करू नका. चक्कर आली तर बसून करायचं.

---

मोगरा

दादा, एक अडचण. आमच्या इन्चार्ज मॅडमनी एक हेडसेट मिळवलाय, शनिवारी पाच जणी बघणार आहोत. त्याचा मागचा पट्टा अंबाड्यावर बसत नाही, पुढे घसरतो आणि चित्र धूसर दिसतं. दोघींना चष्मा आहे. काय करायचं?

---

कोथरूडकर

ताई, अंबाडा मानेवर खाली बांधा, पट्टा त्याच्या वरून गेला पाहिजे. वरचा पट्टा आधी सैल करून मग घट्ट करा. चष्म्यासाठी खोक्यात एक काळी चौकट असते, ती आत बसवली की काचा लागत नाहीत. शनिवारी सकाळी अकरापर्यंत मी फोनजवळच आहे.